उजेड आणि उधारी

पॉल गोगँ या फ्रेंच चित्रकाराविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. पॅरिसच्या शेअरबाजारात उत्तम कमाई करणारा, पत्नी आणि पाच मुले असलेला एक सुस्थित गृहस्थ एके दिवशी सारे सोडून उठला, जहाजात बसला आणि प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर जाऊन चित्रे काढीत राहिला. कथा इतकी सुबक आहे की सॉमरसेट मॉम यांनी १९१९ साली तिच्यावर ‘द मून अँड सिक्सपेन्स’ ही कादंबरी बेतली, आणि तेव्हापासून त्या कादंबरीतील नायकाचे वागणे लोक खऱ्या गोगँच्या नावावर जमा करीत आले आहेत. नोकरीला कंटाळलेल्या माणसाला ही कथा फार गोड लागते. बँकेत पस्तीस वर्षे काढल्यामुळे तिची गोडी मलाही ठाऊक आहे. वर्षअखेरीचा ताळेबंद जुळत नसे तेव्हा रात्री दहा वाजता आमच्या शाखेतील प्रत्येकाला कुठले ना कुठले बेट आठवत असे. परंतु कागदपत्रे तपासण्याची सवय अंगवळणी पडलेल्या माणसाला तारखा पाहिल्याखेरीज चैन पडत नाही, आणि तारखा पाहिल्या की ही कथा उभी राहत नाही.

गोगँचा जन्म १८४८ सालचा, पॅरिसचा. तो वर्षभराचा असताना वडिलांनी राजकीय धास्तीपोटी देश सोडला आणि आईच्या नातलगांकडे पेरूला जाण्यासाठी कुटुंबासह जहाज धरले. वाटेतच वडील वारले. पुढे सहा-सात वर्षांचा होईपर्यंत हा मुलगा लिमा शहरात वाढला. सतराव्या वर्षी तो खलाशी झाला आणि पुन्हा दूरदूरचे समुद्र पाहून आला. म्हणजे उष्ण प्रदेशाचा उजेड त्याच्या डोळ्यांत शिरला तो हाती कुंचला येण्याच्या कितीतरी आधी. आईच्या मृत्यूनंतर गुस्ताव्ह आरोझा या पालकाने त्याला एका शेअर दलालाच्या पेढीत चिकटवून दिले. १८७३ मध्ये त्याने मेट गाड या डॅनिश तरुणीशी विवाह केला. रविवारी चित्रे काढायची, उरलेल्या दिवशी बाजार करायचा, असा क्रम सुरू झाला. त्याला मार्गदर्शक लाभले ते कामिय पिसारो. हे पिसारो स्वतः कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर जन्मलेले, पण त्यांनी आयुष्य घालवले ते उत्तर फ्रान्समधील धुके आणि चिखलाच्या वाटा रंगवण्यात. शिष्याने गुरूचा प्रवास उलट्या दिशेने केला, असे म्हणता येईल. १८७९ च्या सुमारास गोगँचे बाजारातील वार्षिक उत्पन्न ३०,००० फ्रँकच्या घरात होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. मिळकतीतून तो पिसारो, सेझान यांची चित्रे विकत घेई. त्यात गुंतवणूक किती आणि प्रेम किती, हे त्याचे त्यालाही वेगळे करता आले नसते.

मग १८८२ उजाडले. ‘युनिओं जेनेराल’ नावाची बँक जानेवारीत कोसळली. तिने आपल्याच शेअर्सची खरेदी करून भाव फुगवून ठेवला होता. हा उद्योग किती जुना आहे आणि किती देशांत पुन:पुन्हा झाला आहे, हे माझ्या पिढीतील बँकवाल्यांना सांगायला नको. तिच्याबरोबर पॅरिसचा बाजार झोपला आणि दलालांच्या पेढ्या रिकाम्या होऊ लागल्या. १८८३ मध्ये गोगँचा बाजाराशी संबंध संपला, त्यामागे ही मंदी होती. आपण आता चित्रांवर घर चालवू, असे त्याने ठरवले. पण चित्रांचे गिऱ्हाईक तरी कोण होते? त्याच बाजारात पैसा गमावून बसलेले लोक.

ताहितीचे जहाज त्याने पकडले ते १ एप्रिल १८९१ रोजी. मधल्या आठ वर्षांचा हिशेब दंतकथा देत नाही. या आठ वर्षांत तो कुटुंबासह रूआँ येथे राहिला, मग कोपनहेगनला सासुरवाडीत जाऊन ताडपत्र्या विकू लागला. ताडपत्र्या खपल्या नाहीत. १८८५ मध्ये तो क्लोव्हिस या मुलाला घेऊन पॅरिसला परतला आणि तिथल्या हिवाळ्यात भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम त्याने केले. मेट मात्र कोपनहेगनलाच राहिली. फ्रेंचच्या शिकवण्या आणि भाषांतरे करून तिने मुले वाढवली. गोगँने घर एका झटक्यात सोडले नाही. ते हळूहळू सुटत गेले, जसे एखादे कर्जखाते एकेक हप्ता चुकवत थकीत होते आणि मग कोणीही ते वसूल होण्याची आशा धरत नाही. मला या प्रकारच्या सुटण्याचे दुःख अधिक वाटते, कारण त्यात प्रत्येक टप्प्यावर परत फिरण्याची जागा असते.

या आठ वर्षांच्या मध्यावर, १८८७ साली, त्याला पहिले बेट भेटले. शार्ल लाव्हाल या मित्रासह तो पनामाला गेला, तिथे कालव्याच्या खोदकामावर काही दिवस मजुरी केली आणि तिथून कॅरिबियनमधील मार्तिनीक या फ्रेंच बेटावर पोहोचला. सेंट पिएर गावाजवळच्या एका झोपडीत दोघे चार-पाच महिने राहिले. हिवताप आणि आमांशाने त्याला लोळवले, तरीही त्याने तिथे डझनावारी चित्रे केली. त्यांत डोक्यावर फळांच्या टोपल्या घेऊन चाललेल्या स्त्रिया आहेत, निळा समुद्र आहे, आणि हिरव्या रंगाच्या इतक्या छटा आहेत की मोजता मोजता आपण थकावे. कुंचल्याचे फटकारे अजून पिसारोंकडून शिकलेले, बारीक आणि तिरपे आहेत. रंग मात्र बदलले आहेत. फ्रान्समधील त्याच्या चित्रांत हवा दिसते. मार्तिनीकच्या चित्रांत हवा जणू नाहीशी होते आणि वस्तू आपापल्या रंगाने ठसठशीत उभ्या राहतात.

हे असे का व्हावे, ते आपल्याला पुस्तकाविना कळू शकते. नकाशा पाहिला तर आपले गुहागर विषुववृत्ताच्या जितके उत्तरेस आहे, जवळजवळ तितकेच ताहिती दक्षिणेस आहे. दोन्ही साडेसतरा अंशांच्या आसपास. दोन्ही ठिकाणी वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली गडप होते. वैशाखातल्या दुपारी माडांच्या बागेतून किनाऱ्याकडे चालत गेलेल्या कोणालाही हा अनुभव आहे: समोरची वाळू डोळे मिटायला लावते, विहिरीच्या काठाची सावली काळी नव्हे तर निळीजांभळी दिसते, आणि पानांची हिरवी इतकी गडद की तिला काळा म्हणावे की हिरवा, हा प्रश्न पडावा. याउलट पॅरिसच्या परिसरात सूर्य बहुतेक काळ तिरपा असतो. उजेड धुक्यातून, पाण्याच्या वाफेतून गाळून येतो आणि वस्तूंच्या कडा विरघळवतो. अशा विरघळणाऱ्या कडा पकडण्यासाठीच तर मोने-पिसारो मंडळींनी ठिपक्या-ठिपक्यांची ती पद्धत घडवली होती. डोक्यावरच्या सूर्याखाली ती पद्धत निरुपयोगी ठरते. इथे कडा विरत नाहीत. रंगांचे मोठे, सलग तुकडे एकमेकांना भिडून उभे असतात.

म्हणून ताहितीच्या सूर्याने गोगँला घडवले, असे सरळ लिहून मोकळे व्हावेसे वाटते. पण पुन्हा तारीख आडवी येते. सपाट, सावलीविरहित रंगाचा त्याचा मोठा निर्णय १८८८ चा आहे आणि तो घेतला गेला ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या पावसाळी वायव्य कोपऱ्यात. प्रवचन ऐकून परतणाऱ्या शेतकरी स्त्रियांना जे दृश्य मनश्चक्षूंनी दिसते, त्याचे ते चित्र. त्यातील जमीन त्याने चक्क कुंकवासारखी लाल रंगवली. तशी जमीन त्या भागात कुठेही नाही. जपानी ठसेचित्रांचा, चर्चच्या खिडक्यांतील रंगीत काचांचा संस्कार त्यात आहे, आणि माझ्या मते आदल्या वर्षीच्या मार्तिनीकचाही. त्याच वर्षीच्या अखेरीस त्याने आर्ल येथे व्हॅन गॉगबरोबर नऊ आठवडे काढले. त्या वास्तव्याचा शेवट कसा झाला, हे मराठी वाचकाला चांगले ठाऊक आहे.

फेब्रुवारी १८९१ मध्ये पॅरिसच्या ओतेल द्रुओ येथे त्याच्या तीस चित्रांचा लिलाव झाला आणि प्रवासापुरते नऊ हजारांहून अधिक फ्रँक उभे राहिले. मार्चमध्ये कोपनहेगनला जाऊन तो पत्नीला आणि मुलांना भेटून आला. ती त्यांची शेवटची भेट ठरली. ९ जून १८९१ रोजी तो ताहितीच्या पापेएते बंदरात उतरला, आणि तीनच दिवसांनी ताहितीचा शेवटचा राजा पाचवा पोमारे मरण पावला. अर्थात त्या राजाकडे राज्य नव्हतेच; १८८० मध्येच ते फ्रान्सने घेतले होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांना येऊन जवळपास शतक लोटले होते. स्त्रिया गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारे मिशनचे झगे घालीत, घरांवर पत्रे आले होते आणि रविवारी चर्चमध्ये गर्दी होई. बाहेरून आलेल्या रोगांनी लोकसंख्या फार घटली होती. ज्या आदिम नंदनवनासाठी गोगँ अर्धी पृथ्वी ओलांडून आला होता, त्याचा पत्ताच नव्हता. पापेएतेला कंटाळून तो दक्षिण किनाऱ्यावरच्या मातायेआ गावी जाऊन राहिला.

इथे त्याच्या हिशेबातील एक मोठी चूक उघडी पडली. बेटावर झाडावर फळे आणि समुद्रात मासे, तेव्हा जगायला पैसा लागणार नाही, अशी त्याची समजूत होती. पण माडावर चढायला आणि खडकांतून मासे धरायला कौशल्य लागते, आणि डोंगरातून केळीचे घड खांद्यावर आणायला बळ लागते. ते त्याच्यापाशी नव्हते. परिणामी फ्रान्सहून आलेले डबाबंद अन्न तो दुकानातून महाग दराने, बऱ्याचदा उधारीवर घेत असे. भोवती नंदनवन, आणि जेवायला पत्र्याचा डबा! रंग पॅरिसहून येत. पत्र जायला आणि उत्तर यायला महिनेच्या महिने लागत. रंग पुरवून वापरायचे म्हणून तो ते पातळ लावी, आणि पुढे कॅनव्हासऐवजी खरबरीत तागाचे कापड वापरी. जाड विणीतून डोकावणारा तो पोत आज जाणकारांना फार मोहवतो. त्याची एक माता टंचाई होती, हे विसरू नये. पुढच्या काळात त्याने जमीन आणि घरासाठी पापेएतेच्या ‘केस अग्रिकोल’ या कृषिकर्ज देणाऱ्या संस्थेकडून कर्जही काढले. चित्रकाराला शेतीसंस्थेचे कर्ज मंजूर करणाऱ्या त्या अधिकाऱ्याचे टिपण वाचायला मला मनापासून आवडले असते.

अशा परिस्थितीत त्याने जे रंगवले त्यात पाहिलेले किती आणि रचलेले किती? १८९१ चे ‘इया ओराना मारिया’ हे चित्र घ्या. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लाल फुलांचे वस्त्र नेसलेली ताहिती स्त्री खांद्यावर मूल घेऊन उभी आहे. दोघांच्या मस्तकांमागे प्रभावलये आहेत, म्हणजे ती मेरी आणि येशू. समोर दोन स्त्रिया हात जोडून उभ्या आहेत. त्यांच्या उभे राहण्यात, जोडलेल्या हातांत आपल्याला काहीतरी ओळखीचे वाटते, आणि ते वाटणे खोटे नाही. ती मुद्रा गोगँने जावा बेटावरील बोरोबुदूर स्तूपाच्या शिल्पपटाच्या छायाचित्रावरून उचलली आहे. छायाचित्र त्याने सोबत आणले होते. वाराणसीच्या वाटेवर बुद्धांना भेटलेल्या आजीविकाचा प्रसंग त्या शिल्पपटात कोरला आहे. भारतातील कथा जावाच्या दगडात गेली, दगडातून कागदावर आली आणि कागदावरून ताहितीच्या दोन स्त्रियांच्या हातांत. ताहितीचे प्राचीन देव त्याने रंगवले तेही गावातल्या वृद्धांकडून ऐकून नव्हे. मोरेनहूट नावाच्या व्यापारी-राजदूताने १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून त्याने ती माहिती आपल्या वहीत उतरवून घेतली होती. त्याच्या चित्रांतील भव्य दगडी मूर्ती ताहितीत कुठेच उभ्या नव्हत्या.

याहून बोलके उदाहरण ‘महाना नो अतुआ’, म्हणजे ‘देवाचा दिवस’, या चित्राचे आहे. वरच्या पट्ट्यात समुद्रकिनारा आणि मधोमध मूर्ती, मध्ये गुलाबी वाळूवर तीन आकृती, आणि खाली एक डोह, ज्याच्या पाण्यात निळे, पिवळे, नारिंगी, शेंदरी आकार एकमेकांत गुंतून तरंगत आहेत. पाण्यावरचे प्रतिबिंब म्हणावे तर वरच्या कशाशीही ते जुळत नाही. उष्ण प्रदेशाच्या प्रकाशाचे एवढे निर्भय चित्र त्याच्या हातून क्वचितच झाले असेल. ते रंगवले १८९४ मध्ये, फ्रान्समध्ये. तेव्हा तो ताहितीहून परत आलेला होता. डोळ्यांत साठवलेला उजेड परतल्यावर अधिक स्वच्छ झाला होता.

माझे मत असे की देव त्याने रचले, पण उजेड त्याने खरोखर पाहिला होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनातील ‘फातता ते मिती’ या १८९२ च्या चित्रात समुद्रात शिरणाऱ्या दोन स्त्रियांच्या अलीकडची जमीन जांभळीगुलाबी आहे. युरोपातील प्रेक्षकाला ती कवीकल्पना वाटली. ज्याने उन्हातून एकदम झाडाखाली येऊन पायांखालची वाळू पाहिली आहे, त्याला ती कल्पना वाटणार नाही.

आता ज्या प्रकरणाकडे कुटुंबाच्या मासिकात पाठ फिरवणे सोयीचे झाले असते, त्याकडे वळतो. मातायेआच्या घरात गोगँबरोबर तेहामाना नावाची मुलगी पत्नी म्हणून राहत होती. त्याने स्वतःच लिहिल्याप्रमाणे तिचे वय सुमारे तेरा वर्षे. तिच्या घरच्यांनी संमती दिली होती, बेटावरची रीत तशी होती, काळ तसा होता, असे सारे खुलासे केले जातात. परंतु गोगँ काही केवळ त्या बेटाचा आणि त्या काळाचा माणूस नव्हता. त्याची स्वतःची मुलगी आलीन १८७७ च्या डिसेंबरात जन्मली होती. तो ताहितीत उतरला तेव्हा तीही तेराच वर्षांची होती. कोपनहेगनमधल्या त्या तेरा वर्षांच्या मुलीविषयी त्याच्या मनात काय होते हेही आपल्याला कळते, कारण त्याच घरात बसून, १८९२-९३ च्या सुमारास, त्याने तिच्यासाठी एक वही लिहिली. ‘आलीनसाठी वही’ याच नावाने ती प्रसिद्ध आहे. कलेविषयीचे विचार, जुनी कात्रणे, काही आठवणी तिच्यात आहेत. आणि ‘मनाओ तुपापाऊ’ हे चित्र कसे घडले, याचे सविस्तर विवरणही आहे: रात्री दिवा विझला, अंधारात भुतांच्या भयाने गोठून गेलेली तेहामाना दिसली, जांभळा रंग का वापरला, पिवळा का, अंधारात फुले चमकताना का दाखवली. म्हणजे एका मुलीच्या भयाचे आणि नग्नतेचे चित्र बापाने तिच्याच वयाच्या आपल्या लेकीला रंगांच्या भाषेत समजावून दिले आहे. हे लिहिताना त्याचा हात कुठेही अडखळलेला दिसत नाही. मी ही गोष्ट अनेकदा मनात घोळवली आहे. तिचा उलगडा मला होत नाही, आणि ज्यांना तो चटकन होतो त्यांचा मला हेवाही वाटत नाही.

ती वही आलीनच्या हाती कधी पडलीच नाही.

१८९३ मध्ये तो फ्रान्सला परतला तेव्हा तेहामाना मागे राहिली. जाण्याआधी त्याने तिचे एक चित्र केले होते, ते शिकागोला आहे. त्यात ती मिशनचा पट्ट्यापट्ट्यांचा झगा घालून, केसांत फुले माळून, हातात पंखा धरून बसली आहे. मागच्या भिंतीवर कोणाला न वाचता येणारी अक्षरे आहेत. तिचा चेहरा शांत आहे आणि ती आपल्याकडे पाहत नाही. १८९५ मध्ये तो पुन्हा ताहितीला आला तोवर तिचा विवाह झाला होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ती वारली. तिने स्वतः काही सांगितल्याची नोंद नाही. सारी वही त्याच्याच हाताची.

चाळीस वर्षांनी या वहीत एक वेगळी नोंद पडली, आणि ती करणारी आपली अमृता शेरगिल होती, म्हणून थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. पॅरिसमध्ये शिकत असताना तिच्यावर गोगँचा मोठा प्रभाव पडला. १९३४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तिने ‘ताहिती स्त्रीच्या रूपात आत्मचित्र’ रंगवले. ताहितीला ती कधी गेली नव्हती. गोगँच्या स्त्रिया जशा उभ्या असतात तशी ती अर्धवस्त्र उभी आहे, हात समोर घट्ट धरलेले, नजर बाजूला, आणि मागे भिंतीवर एका पुरुषाची सावली पडली आहे. चित्र काढणारा आणि चित्रात उभी असलेली, दोन्ही बाजू एकाच व्यक्तीने पत्करल्यामुळे ती सावली एकाएकी जाणवू लागते. गोगँच्या चित्रांपुढे ती नेहमीच असते, पण आपण तिच्या आत उभे असल्यामुळे ती दिसत नाही. त्याच वर्षाअखेर अमृता भारतात परतली. १९३६ मध्ये तिने अजिंठ्याची लेणी पाहिली आणि पुढच्या वर्षी दक्षिण भारतातील माणसांची ती तीन प्रसिद्ध चित्रे केली. सपाट, उष्ण, मातकट रंगांचे जे धैर्य तिने गोगँपासून घेतले होते, त्याला अजिंठ्यात आधार सापडला.

गोगँचा दुसरा मुक्काम कष्टाचा झाला. पायाच्या जुन्या दुखापतीच्या जखमा बऱ्या होत नव्हत्या, कर्ज वाढत होते. १८९७ च्या वसंतात मेटचे पत्र आले: आलीन जानेवारीत न्यूमोनियाने गेली. ती एकोणीस वर्षांची होती. पती-पत्नींमधला पत्रव्यवहार त्यानंतर लवकरच कायमचा थांबला. त्या वर्षाअखेरीस त्याने आपले सर्वांत मोठे चित्र हाती घेतले. तागाच्या कापडावरचे, सुमारे पावणेचार मीटर लांब. कोपऱ्यात त्याने फ्रेंचमध्ये तीन प्रश्न लिहिले आहेत: आपण कुठून आलो, आपण कोण आहोत, आपण कुठे चाललो आहोत. उजवीकडे झोपलेले तान्हे मूल, मध्यभागी हात उंचावून फळ तोडणारी व्यक्ती, डावीकडे कानांवर हात ठेवून बसलेली वृद्धा. या चित्रातला उजेड मात्र बदलला आहे. सूर्य कुठे आहे ते कळत नाही. झाडी निळीहिरवी, रात्रीसारखी, आणि तिच्यात माणसांची पिवळी अंगे आतूनच उजळल्यासारखी. चित्र झाल्यावर डोंगरात जाऊन आर्सेनिक घेतले पण प्राण गेला नाही, असे त्याने मोनफ्रेद या मित्राला कळवले. चित्र आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. पुढे १८९८ मध्ये, एके काळी ३०,००० फ्रँक मिळवणारा हा माणूस पापेएतेच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहा फ्रँक रोजावर नकाशे काढीत होता.

व्होलार या पॅरिसच्या विक्रेत्याने १९०० मध्ये दरमहा ३०० फ्रँक पाठवण्याचा करार केला तेव्हा त्याला थोडी उसंत मिळाली, आणि पुढल्या वर्षी तो आणखी दूर, मार्केसास बेटांतील हिवा ओआ येथे गेला. ‘तुझे लग्न कधी?’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या त्याच्या १८९२ च्या चित्राला १८९३ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने १,५०० फ्रँक किंमत लावली होती आणि गिऱ्हाईक मिळाले नव्हते. तेच चित्र अलीकडे, २०१४ मधील व्यवहारात, सुमारे २१ कोटी डॉलरना विकले गेले. या दोन आकड्यांवरून लोक जगाच्या अन्यायावर बोलतात. माझे लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे जाते. या सगळ्या उचलीत प्रत्यक्ष जोखीम कोणी घेतली होती? शिकवण्या करून पाच मुले वाढवणाऱ्या, आणि १८९३ मध्ये नवऱ्याच्या ताहिती चित्रांचे प्रदर्शन कोपनहेगनमध्ये मांडण्यास मदत करणाऱ्या मेटने. चित्रे पाहताना रंगांनी माझे मन भरून येते, ते मी नाकारणार नाही. पण चित्राखालच्या पट्टीवर तेवढे एकच नाव वाचून पुढे सरकणे आता मला जमत नाही.

८ मे १९०३ रोजी हिवा ओआच्या आतुओना गावी गोगँचा मृत्यू झाला. वय चौपन्न. एका पोलीस अधिकाऱ्याच्या बदनामीबद्दल झालेली तीन महिन्यांची कैद आणि ५०० फ्रँकांचा दंड भोगायचा राहून गेला. देणेकऱ्याच्या मृत्यूनंतर होते तेच झाले: सरकारने सामानाची यादी केली आणि सप्टेंबरात पापेएते येथे लिलाव पुकारला. व्हिक्तोर सेगालाँ नावाचा नौदलातील तरुण डॉक्टर तिथे हजर होता; त्याने कोरीव फळ्या आणि काही चित्रे घेतली. त्यांत एक चित्र निराळेच होते. ब्रिटनीतले एक खेडे, घरांच्या छपरांवर दाट बर्फ, वर राखाडी आकाश. उष्ण समुद्राच्या मधोमध, माडांच्या सावलीतल्या त्या झोपडीत हे चित्र त्याने अखेरपर्यंत जवळ ठेवले होते. लिलाव पुकारणाऱ्याने ते उलटे धरले आणि हा नायगारा धबधबा आहे असे सांगितले. लोक हसले. सेगालाँने ते सात फ्रँकांना घेतले.